वाखाची गाठ

तळवाडीच्या तळ्याला कुंपण नव्हतं आणि ते असावं असं कधी कुणाला वाटलंही नव्हतं. कुरवंड्याच्या पुढं, डोंगराच्या पोटात बसलेली पंधरा उंबऱ्यांची वाडी आणि तिच्या खाली हे तळं. लोणावळ्याला आलेली माणसं वरच्या कड्यावर उभी राहून फोटो काढतात, त्यांना ते डबक्याएवढं दिसतं. वाडीचं मात्र त्याच्यावर वर्ष निघतं. श्रावणात काठाला पसरलेली नाळीची भाजी, भादव्यात कमळाचे देठ, उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलातून उपसलेले कंद, आणि दिवाळीच्या तोंडावर देवभात.

देवभात कुणी पेरत नाही. पाण्यात आपलं आपण उगवतं, त्याला बैलाचा खूर लागत नाही, म्हणून ऋषिपंचमीच्या उपासाला चालतं. पण नाव देवाचं असलं तरी पीक लबाड आहे. पिकलं की माणसाची वाट बघत नाही, जरा वारा आला की दाणा पाण्यात. म्हणून दाणा दुधात असतानाच वाडीच्या बायका छातीभर पाण्यात उतरतात, वीस-पंचवीस ताटं एकत्र वाकवतात आणि लोंब्यांना गाठ मारून ठेवतात. पिकलेला दाणा मग गाठीतच अडकून राहतो.

ज्याची गाठ, त्याचा दाणा. शालनची गाठ जुन्या लुगड्याच्या चिंधीची, बबिताची निळ्या नायलॉनच्या दोरीची, आणि म्हाताऱ्या चिमाबाईची घायपाताच्या वाखाची, डाव्या पिळाची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. कुणी आजारी असलं तर मात्र शेजारणीनं तिच्या गाठी सोडाव्यात आणि दाणा तिच्या दारात नेऊन ठेवावा. आतून ती "पोचलं" म्हणून ओरडायची. तळ्यापर्यंत ऐकू गेलं की काम संपलं. याच्या पलीकडं कुणी काही विचारत नसे.

बबिताला हे सगळं चिमाबाईनंच शिकवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा बबिताला पोहता येत नव्हतं. चिमाबाई बिनापोराची विधवा, तिनं हिला पदराला धरून पाण्यात उतरवली होती. नायलॉनची दोरी बघून म्हातारी दरवर्षी बोलायची. "ती दोरी पाण्यात सरकती गं. वाख भिजला की फुगतो, गाठ आवळती. माझ्याकडनं वाख ने." बबिता हसायची. ती कामाला जायची त्या बंगल्यावरच्या खोक्यांना बांधून आलेली दोरी फुकट मिळत होती, आणि वाख सोलून वळत बसायला वेळ होता कुणाला?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बबिता लोकलनं तळेगावला गेली. रजनीबाई शाळेतून रिटायर झालेल्या बाई. गेली बारा वर्षं बबिता त्यांच्या दारात नाळीची भाजी, कमळाचे देठ आणि वर्षाला किलोभर देवभात घालत होती. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा दिला.

"तुझी प्रतीक्षा यंदा दहावीला ना? जूनमध्ये पाठव इकडं. मागची खोली रिकामी आहे. कॉलेज पायी दहा मिनिटांवर."

बाईंनी चहाचा घोट घेतला.

"आणि हे बघ, यंदा देवभात चार किलो आण हं. माझी बहीण आणि सूनबाई, दोघीही पंचमी धरणार आहेत. मी त्यांना शब्द दिलाय."

बाईंच्या दोन बोलण्यांच्या मध्ये चहाचा एक घोट होता, एवढंच. पण लोकलमध्ये बसेपर्यंत बबिताच्या डोक्यात ती दोन्ही एक झाली होती. चार किलो, तर खोली.

घरी आली तर बंगल्यावरून निरोप. कोजागरीला पाहुणे, सहा खोल्या, चादरी-भांडी-फरशी. आठ दिवस ती पहाटे जाऊन अंधार पडल्यावर परत येत होती. गाठी बांधायच्या राहिल्या त्या राहिल्याच. एका दुपारी बंगल्याच्या मुकादमाला पोट दुखतं म्हणून सांगून ती आली आणि घाईघाईनं तीस गाठी मारून गेली. मग परतीचा पाऊस दोन दिवस पडला.

तिसऱ्या दिवशी उघडीप झाली. बबिता ट्रकच्या ट्यूबवर टोपली ठेवून, विळा कमरेला खोचून पाण्यात उतरली. पहिल्या गाठीला हात घातला तर दोरी नुसतीच ताटांच्या बुडाशी घसरून बसलेली. लोंब्या मोकळ्या, रिकाम्या. दुसरी तशीच. तिसरीत मूठभर दाणा. तीस गाठी धुंडाळल्या तेव्हा टोपलीचा तळ कसाबसा झाकला. तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. वाख ने म्हणून म्हातारी कानीकपाळी ओरडत होती.

शेजारीच चिमाबाईचा पट्टा होता. चाळीस गाठी, एकही सैल नाही. वाख फुगून लोंब्यांत रुतला होता आणि प्रत्येक गाठ पोटुशी असल्यासारखी जड दिसत होती. चिमाबाई आठवड्यामागं चिखलात घसरली होती. घोटा सुजून भोपळा झालेला, अंगात ताप. ती काही तळ्यावर येऊ शकत नव्हती.

सोडून पोचवू, असं बबितानं मनाशी म्हटलं. ते खरंच होतं. पहिली गाठ कापली तेव्हा तरी खरं होतं. नंतर ती शंभरदा स्वतःला विचारणार होती की कितव्या गाठीला ते खरं राहिलं नाही, आणि तिला कधी सापडणार नव्हतं.

बांधावर वाडीतला धोंडिबा म्हशी घेऊन उभा होता.

"म्हातारीचं का?"

"व्हय आबा."

"बरं केलंस पोरी. न्हाईतर बदकं खाऊन गेली असती."

कुसळांनी तिच्या बोटांच्या पेरांना बारीक चिरा पडल्या होत्या, मांडीला जळू लागलेली. चाळीस गाठी संपेपर्यंत ऊन डोंगराआड गेलं. टोपली डोक्यावर घेऊन ती चढण चढली. चिमाबाईचं घर आधी लागतं. दार लोटलेलं होतं. आत म्हातारी कण्हत होती, झोपेत का जागी, कळत नव्हतं. बबिता उंबऱ्याशी उभी राहिली. टोपलीतलं पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. एक हाक मारायची आणि टोपली खाली ठेवायची, एवढंच काम होतं.

ओलं कसं द्यायचं, तिला कोण वाळवून देणार? वाळवून देऊ, असं म्हणून ती पुढं गेली.

"हे कुणाचं?" गेणूनं विचारलं. गेणू तिचा नवरा. गवंड्याच्या हाताखाली काम करून नुकताच आला होता, पायाला सिमेंट तसंच.

"चिमामावशीचं. वाळवून देते."

तिनं अंगणात दोन ढीग पसरले, एक लहान, एक मोठा. मध्ये वीतभर जागा सोडली. दुसऱ्या दिवशी पायानं दाणा उलटताना दोन्हींची कड एकमेकीला लागली. तिसऱ्या दिवशी अंगणात एकच ढीग होता. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, वाऱ्यानं झालं.

संध्याकाळी उखळात मुसळ चालू असताना गेणूनं पुन्हा विचारलं, "मावशीचं पोचवलंस?"

"पोचवलं."

त्यानं उखळाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि तंबाखू मळत बाहेर जाऊन बसला. गेणू भांडणारा नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं.

रोज एका घरची भाकरी चिमाबाईकडं जायची. त्या दिवशी बबिताची पाळी होती. ती भाकरी-कालवण घेऊन दारात पोचली तर आत शालन घोट्याला हळद लावत बसलेली आणि धोंडिबा खांबाला टेकून.

"चिमे," धोंडिबा म्हणत होता, "तुझं देवभात पोचलं न्हवं? बबितानं समद्या गाठी सोडल्या. मी सोता पाह्यलं."

बबिताचा पाय उंबऱ्यावरच थांबला. चिमाबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तोंडाकडं नाही, हातांकडं. बोटांच्या चिरा अजून काळ्या होत्या. म्हातारीनं त्या बराच वेळ पाहिल्या.

"पोचलं," ती म्हणाली. "कवाच पोचलं."

"गुणाची हाय पोर," शालन म्हणाली. धोंडिबानं मान डोलावली.

"भाकरी तितं फडताळात ठेव," चिमाबाई म्हणाली. "मांजर येतं."

दिवाळीनंतर ती तळेगावला गेली. उखळात कांडलेला तांदूळ सव्वातीन किलो भरला. बाईंनी मूठभर तांबडे दाणे हातावर घेऊन वास घेतला, खूश झाल्या. मग बबिताची बोटं त्यांना दिसली.

"अगं, हे काय करून घेतलंस? कमी आणला असतास तरी चाललं असतं. नसता मिळाला तर वरी खाल्ली असती आम्ही."

"न्हाई, तुमी शब्द दिलता म्हणून. आन् पोरीच्या खोलीचं..."

"खोलीचं काय?" बाईंना खरंच कळलं नाही. "खोली तिचीच आहे. त्याचा आणि याचा काय संबंध?"

बबिता फाटकापर्यंत आली आणि थांबली. परत जावं, त्यातला निम्मा तांदूळ परत मागावा, खोटंनाटं काहीही सांगावं. हात फाटकाच्या कडीवर होता. मग तिनं कडी लावून घेतली. स्टेशनवर ती बाकड्यावर बसून राहिली, एक लोकल तिच्यासमोरून निघून गेली. केलं ते केलं, आणि ज्याच्यासाठी केलं ते आधीच मिळालेलं होतं.

घरी एका डबीत तिनं एक मूठ तांदूळ मागं ठेवला होता, पंचमीच्या सामाईक हंड्यासाठी. तो कुणाचा, हे ती स्वतःलाही विचारत नव्हती.

मग तिनं चिमाबाईची सेवा मांडली. पाणी भर, सरपण आण, अंगण सारव. म्हातारीचा पाय कायमचा अधू झाला होता, काठी टेकत दारापर्यंत यायची. देवभाताचा विषय ती काढायची नाही. उलट प्रतीक्षाच्या परीक्षेची चौकशी करायची, कैरी आली की पहिली फोड हिच्या हातावर ठेवायची. बबिता किती वेळा सुरुवात करायची. "मावशी, ते गाठींचं..."

"चुलीवर दूध हाय गं. उतू जाईल बघ."

जूनमध्ये प्रतीक्षाला पोचवायला बबिता तळेगावला गेली. मागची खोली छान होती, खिडकी होती, टेबल होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर काचेच्या बरणीत देवभात होतं. पोरीची पेटी लावून होईपर्यंत बबितानं त्या फळीकडं पाठ करून ठेवली. प्रतीक्षा म्हणाली, "आई, तू खूश न्हाईस का?" बबिता म्हणाली, "हाय की."

ऋषिपंचमीला तळवाडीच्या बायका चिमाबाईच्या चुलीवर एकच हंडा चढवतात. शिजवायचं तिनंच, ही चाळीस वर्षांची रीत. शेजारच्या पातेल्यात ऋषीची भाजी रटरटत असते. अळू, लाल भोपळा, मक्याची कणसं, नाळीचे कोवळे देठ, सगळं हातानं लावलेलं नाहीतर आपोआप उगवलेलं. आणि हंड्यात प्रत्येकीनं आपल्या गाठीची एक मूठ टाकायची. जिची मूठ नाही, तिचं पान नाही.

बायका एकेक करून पुढं आल्या. शालननं टाकली, नंदाबाईनं टाकली. बबितानं डबी उपडी केली. तिचे दाणे आधणात पडताना तिनं डोळे मिटले. ती चुलीजवळच लाकडं सारत बसली.

शेवटी चिमाबाई. म्हातारी आतल्या खोलीत गेली, मूठ वळून बाहेर आली, हंड्यावर हात नेला आणि वाफेत मूठ सोडली. बबिता खाली बसली होती म्हणून तिला दिसलं. तळहात स्वच्छ होता. एक दाणा पडला नाही. चिमाबाईनं हात पदराला पुसला, दाण्याची धूळ झटकावी तसा.

"बसा गं बायांनो," ती म्हणाली.

पानं मांडली. चिमाबाईनं काठी भिंतीला टेकवून, लंगडत, एकेकीला वाढलं. तांबडा, जाडसर भात, वर भाजी. आपलं पान तिनं मांडलंच नव्हतं.

"मावशी, तुमचं पान?" नंदाबाईनं विचारलं.

"पोटात बरं न्हाई आज. मी मागनं बघते."

बबितानं घास उचलला. तोंडापर्यंत नेला. समोर म्हातारी काठीवर भार देऊन उभी होती, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. घास परत पानात पडला.

"मावशीची मूठ रिकामी होती," बबिता म्हणाली.

बायका बघायला लागल्या.

"तिच्याकडं दाणाच न्हवता. गाठी मी सोडल्या, पर पोचवल्या न्हाईत. तळेगावला दिल्या. मी जी मूठ टाकली ती पन तिचीच."

चुलीतलं लाकूड तडतडलं. शालनचा हात पानातच राहिला. "म्हंजे? मावशी तर म्हनल्या पोचलं."

चिमाबाईनं भाताची पळी हंड्यात ठेवली.

"झालं समाधान?" तिनं बबिताला विचारलं. आवाज चढला नव्हता. "धा महिने मी तोंड धरून बसले. तुला वाटलं आसंल, तुझ्यासाठी. तुझ्यासाठी न्हाई गं बाई. डोंगर बंगलेवाल्यांनी घेतला, वाट त्येंनी अडवली, राह्यलं काय हितं? गाठीला कुनी हात लावत न्हाई, येवढंच राह्यलं. ते बी गेलं आसं मला माझ्या तोंडानं म्हनायचं न्हवतं."

"मावशी, मला खाववत न्हवतं. मला..."

"व्हय. तुझ्या मनावरनं उतरलं. आता ते ह्या समद्यांच्या मनात जाऊन बसलं. ते कोन काढनार?"

बबितानं आपलं पान उचलून चिमाबाईपुढं ठेवलं. "ही तुमची मूठ हाय. तुमी जेवा."

म्हातारी त्या पानाकडं बघत राहिली. मग भिंतीला धरून सावकाश खाली बसली आणि चार घास खाल्ले, चवीनं नाही, काम उरकावं तसे. बबिता उपाशी उठली. हंडा तिनं एकटीनं घासला.

पुढच्या दसऱ्याला गाठी बांधायची वेळ आली तेव्हा शालन बांधावर म्हणाली, "आवंदा राखन बसवू. दोघी-दोघी. पाळीनं." बबिताचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. धोंडिबानं काठाला बोरीच्या काट्या ओढून टाकल्या. चाळीस वर्षांत, कदाचित शंभर वर्षांत, पहिल्यांदा त्या तळ्यावर कुणी कुणावर नजर ठेवून बसलं. बसणाऱ्यांनाही लाज वाटत होती. त्या आपल्या चिंध्या शिवत, शेंगा सोलत, सहज बसल्यासारखं दाखवायच्या.

चिमाबाईनं बबिताला बोलावून वाखाचं भेंडोळं तिच्या पुढ्यात टाकलं. "माझा पाय चालत न्हाई. बांध तू. डावा पीळ बघून बांध."

"मी, मावशी?"

"मग कोन? तुलाच शिकवलंया."

बबितानं त्या वर्षी स्वतःची एकही गाठ बांधली नाही. म्हातारीच्या चाळीस बांधल्या. पाण्यात असताना तिला बांधावरच्या नजरा पाठीवर जाणवायच्या, आणि तिनं बायकांना बोल लावला नाही. दिवाळीच्या आधी दाणा पिकला. वाख फुगून घट्ट बसला होता. तिनं एकेक गाठ सावकाश कापली, हात दिसतील असे वर धरून. चाळीस झाल्या तेव्हा ट्यूबवरची टोपली काठोकाठ भरली होती.

बांधावर शालन आणि नंदाबाई बसल्या होत्या, म्हशींजवळ धोंडिबा. कुणी "बरं केलंस" म्हटलं नाही. बबिता काटेरी फांद्या बाजूला सारून वर आली, टोपली डोक्यावर घेतली आणि चढणीला लागली. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. चिमाबाईच्या उंबऱ्यावर तिनं टोपली ठेवली.

म्हातारी काठी टेकत आली. ओल्या दाण्यात तिनं कोपरापर्यंत हात घातला, मूठभर वर काढला, परत सोडला. मग दारात उभी राहून खाली तळ्याकडं तोंड करून ओरडली.

"पोचलं गं!"

गेल्या साली हेच तिनं खोटं सांगितलं होतं, तेव्हा ऐकणाऱ्यांनी लगेच विश्वास ठेवला होता. आज खाली बराच वेळ कुणी हललं नाही. मग शालन उठली. तिनं मांडीवरची टरफलं झटकली, पदर खोचला आणि चढण चढायला लागली. तिच्या मागं नंदाबाई.

चिमाबाईनं त्या दोघींना येताना पाहिलं आणि आत जाऊन बसली. बबिता टोपलीपासून दोन पावलं बाजूला सरकली, म्हणजे त्यांना दाणा नीट बघता यावा.